परार्धाच्या पलीकडचा हिवताप

पावसाळ्यात सिंधुदुर्गातल्या कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात तापाचा रुग्ण आला की त्याचे बोट टोचून रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर घेतात. थेंब पसरवतात, वाळवतात, पट्टीवर क्रमांक घालतात आणि ती सूक्ष्मदर्शकाखाली जाते. तिथे हिवतापाचा परजीवी नजरेस पडायचा असेल, तर एका मायक्रोलिटर रक्तात, म्हणजे लिटरच्या दहा लाखाव्या हिश्शात, साधारण ५० परजीवी असावे लागतात. मोठ्या माणसाच्या अंगात पाचेक लिटर रक्त असते, म्हणजे ५० लाख मायक्रोलिटर. गुणाकार केला की कळते, तंत्रज्ञाला पहिला परजीवी जेमतेम सापडतो तेव्हा समोर बसलेल्या माणसाच्या अंगात २५ कोटी परजीवी फिरत असतात. २०११च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या सव्वाअकरा कोटी भरली होती. त्याच्या दुप्पट वस्ती एकट्या त्या माणसात असते, आणि आपण म्हणतो, आजार अजून सुरुवातीला आहे.

ही वस्ती येते कुठून? अ‍ॅनॉफिलिस डासाची मादी चावते तेव्हा तिच्या लाळेतून काही दहा-वीस, फार तर शंभरेक परजीवी कातडीत उतरतात. त्यातले बहुतेक वाटेतच मरतात. समजा एकच यकृतापर्यंत पोचला. फाल्सिपेरम जातीचा असेल तर यकृताच्या एका पेशीत आठवडाभर दडून तो स्वतःच्या ३०,००० प्रती काढतो. त्या रक्तात उतरतात, तांबड्या पेशींत घुसतात आणि दर ४८ तासांनी साधारण दसपट होतात. दोन दिवसांनी ३ लाख, चार दिवसांनी ३० लाख, सहाव्या दिवशी ३ कोटी, आठव्या दिवशी ३० कोटी. डास चावल्यापासून पंधराव्या दिवशी माणूस थंडीने कुडकुडतो आणि घरात गोधड्या शोधल्या जातात. एका परजीवीपासून ३० कोटींपर्यंतचा हा प्रवास त्याच्या नकळत झालेला असतो.

यापुढे मोजायला कोटी अपुरे पडते. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात लिहिलेल्या ‘लीलावती’त कोटीनंतरच्या पायऱ्या दिल्या आहेत. अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अन्त्य, मध्य आणि सर्वांत शेवटी परार्ध. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या दसपट. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. गणिताच्या तासाला पाठ केलेली ही नावे आयुष्यात कधी उपयोगी पडतील असे सहसा वाटत नाही. हिवताप मोजायला घेतला की ती सगळी लागतात.

माणसाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी सुमारे अडीच शंकू, म्हणजे २५ लाख कोटी. फाल्सिपेरमने त्यातल्या ५ टक्के पेशी व्यापल्या की डॉक्टर गंभीर धोका मानतात. ५ टक्के म्हणजे सव्वा महापद्म परजीवी. तितका अत्यवस्थ रुग्ण बाजूला ठेवू. दर मायक्रोलिटरला २०,००० परजीवी असलेला, कण्हत का होईना पण स्वतःच्या पायांनी दवाखान्यात आलेला रुग्ण घेऊ. असे रुग्ण डॉक्टरांना नवे नाहीत. त्याच्या अंगात एक निखर्व परजीवी असतात. एकावर अकरा शून्ये.

आता या प्रत्येक परजीवीच्या आत डोकावू. फाल्सिपेरमचा संपूर्ण जनुकसंच २००२ साली वाचून झाला. १४ गुणसूत्रे, सुमारे ५,३०० जनुके आणि २ कोटी ३० लाख अक्षरे. परजीवी दुभंगताना ही सगळी अक्षरे पुन्हा उतरवावी लागतात, आणि उतरवताना क्वचित एखादे चुकते. किती क्वचित? प्रयोगशाळेत महिनोन्महिने परजीवी वाढवून केलेल्या मोजणीत दर खर्व अक्षरांमागे चारेक चुका, असा दर मिळाला आहे. इतका काटेकोर नकलनवीस कुठल्याही कचेरीत मिळायचा नाही. पण अक्षरे सव्वादोन कोटींच्या वर असल्यामुळे दर शंभर परजीवींत साधारण एकात नवी चूक असतेच. एक निखर्व परजीवींच्या पिढीत अशा चुका होतात शंभर कोटी. त्या २ कोटी ३० लाख अक्षरांवर वाटल्या, तर प्रत्येक अक्षराच्या वाट्याला चाळीसच्या वर येतात.

तापाने फणफणलेल्या एका माणसाच्या अंगात, एका ४८ तासांच्या फेऱ्यात, हिवतापाच्या जनुकसंचातले जवळजवळ प्रत्येक अक्षर कुठल्या ना कुठल्या परजीवीत बदलून पाहिले गेलेले असते. दोन दिवसांनी पुन्हा तेच. एका अक्षराच्या फरकाने जे जे म्हणून घडू शकते, ते त्या एका अंथरुणात घडून गेलेले असते. मला या सगळ्या विषयातला हा सर्वांत हादरवणारा आकडा वाटतो.

आणि ही फक्त अक्षरांची गोष्ट झाली. फाल्सिपेरमकडे ‘व्हार’ नावाची साठेक जनुके आहेत. तांबड्या पेशीच्या बाहेरून चिकटवायचे प्रथिन ती तयार करतात. या प्रथिनामुळे रोगट पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला धरून राहते आणि प्लीहेतल्या गाळणीत सापडत नाही. मेंदूतल्या बारीक वाहिन्यांत अशा पेशी तुंबल्या की रुग्ण बेशुद्ध होतो. साठातले एकच जनुक एका वेळी चालू असते. शरीराने त्या प्रथिनाची ओळख पटवून हल्ला सुरू केला, की काही परजीवींनी तोवर दुसरे जनुक चालू केलेले असते. शिवाय ही जनुके आपापसांत तुकडे बदलून नवीच जनुके बनवतात, तीही माणसाच्या रक्तात, डासाची वाट न पाहता. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा, की एका रुग्णात दिवसाला अशी लाखो नवी रूपे तयार होऊ शकतात. ज्या भागात हिवताप बारमाही असतो, तिथल्या मुलांना पुन्हा पुन्हा ताप का येतो आणि लस बनवायला इतकी दशके का लागली, याचे मोठे कारण इथे आहे.

रक्तातली ही वाढ आणि डासातली वीण यांत मात्र मोठा फरक आहे. देवगडच्या बागायतदाराला तो एका वाक्यात समजेल. रक्तातली वाढ हापूसच्या कलमासारखी, हजार झाडे लावली तरी मूळ झाड एकच, आणि डासाच्या पोटात होते ते बाठ्यापासून उगवलेल्या रायवळासारखे, प्रत्येक झाड वेगळे. डासाने रक्त ओढले की त्यातले नर आणि मादी परजीवी त्याच्या पोटात एकत्र येतात आणि १४ गुणसूत्रांची वाटणी नव्याने होते. नुसत्या या वाटणीचे १६,३८४ प्रकार होतात. गुणसूत्रांचे आपसांत तुकडे बदलतात ते वेगळेच. अट एकच, डासाने ओढलेल्या रक्तात दोन वेगळ्या वंशांचे परजीवी हवेत. नर आणि मादी एकाच वंशाचे असले, तर संकर होऊनही काहीच नवे निघत नाही.

या अटीमुळे कोकणासारख्या, हिवताप कमी असलेल्या प्रदेशाचे गणित आफ्रिकेपेक्षा वेगळे होते. आफ्रिकेतल्या खेड्यात एका मुलाच्या अंगात एका वेळी अनेक वंश नांदतात आणि डास ते रोज घुसळतात. आपल्याकडे बहुधा एका रुग्णात एक किंवा दोन. इथे वैविध्य वाढते ते माणसांच्या येण्याजाण्याने. मालवण, देवगडच्या बोटींवर खलाशी परप्रांतांतून येतात. आंब्याच्या हंगामात बागांच्या राखणीला नेपाळची माणसे असतात. चिरेखाणींवर कर्नाटकातली कुटुंबे राबतात, आणि चिरा काढून झालेल्या खाणीत पावसाचे पाणी महिनोन्महिने राहते. यात परक्यांकडे बोट दाखवायचे काही कारण नाही. मुंबईत हिवतापाचा जोर असतो ऐन पावसाळ्यात, आणि आपला चाकरमानी चतुर्थीला गावी येतो तोही त्याच दिवसांत. परजीवीला ओळखपत्र लागत नाही. ज्याच्या रक्तात जागा मिळेल त्याच्याबरोबर तो एसटीत बसतो, नाहीतर कोकण रेल्वेत.

गोव्यात याचा अभ्यास झाला आहे. सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ल्याच्या लोकांना बांबोळी वेगळी सांगायला नको, दुखणे हाताबाहेर गेले की गाडी तिकडेच वळते. बांबोळीच्या त्याच गोवा मेडिकल कॉलेजात अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या प्रदीपसिंह राठोड यांच्या नेतृत्वाखाली २०१०पासून दक्षिण आशियातल्या हिवतापाच्या उत्क्रांतीचा अभ्यास सुरू झाला. जागा विचार करून निवडलेली होती. गोव्यातल्या बांधकामांवर देशाच्या कानाकोपऱ्यांतून मजूर येतात, त्यामुळे एकाच रुग्णालयाच्या खाटांवर अनेक राज्यांतले परजीवी भेटतात. राष्ट्रीय मलेरिया संशोधन संस्थेचे गोव्यातले केंद्र तर १९८०च्या दशकात पणजीत हिवताप उसळला तेव्हापासून बांधकामांच्या टाक्या, विहिरी आणि त्यातले डास यांच्या मागावर आहे. या आणि इतर अभ्यासांतून पुढे आलेली मोठी गोष्ट अशी, की दक्षिण आशियातले फाल्सिपेरम परजीवी आफ्रिकेतल्यांहूनही वेगळे आहेत आणि कंबोडिया-थायलंडकडच्यांहूनही. आपला हिवताप ही आपलीच शाखा आहे, आणि तिचा अभ्यास इथेच व्हायला हवा.

आता जगाचा हिशेब. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२३ साली हिवतापाचे २६ कोटी ३० लाख रुग्ण झाले आणि ५ लाख ९७ हजार माणसे मेली. मेलेल्यांत बहुसंख्य आफ्रिकेतली पाच वर्षांखालची मुले होती. प्रत्येक रुग्णामागे निखर्व नको, त्याचा दहावा हिस्सा, एक खर्वच परजीवी धरू. एका वर्षाचे परजीवी होतात २६ परार्ध. भास्कराचार्यांची शेवटची पायरी सव्वीस वेळा ओलांडून जाते, आणि हा हात आखडता ठेवून केलेला हिशेब आहे.

२६ परार्ध जीव आणि प्रत्येक रुग्णात जवळजवळ प्रत्येक अक्षराचा बदल, तरीही औषधे इतकी वर्षे चालली कशी? बहुतेक चुका परजीवीलाच अपंग करतात. उरलेल्यांतल्या बहुतेकांना डासापर्यंत पोचता येत नाही, रुग्णाबरोबरच त्यांचा वंश संपतो. शिवाय क्लोरोक्वीनसारख्या औषधाला दाद न देण्यासाठी एक अक्षर बदलून भागत नाही. ‘पीएफसीआरटी’ या जनुकात अनेक बदल एकत्र जमून यावे लागतात. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपासून क्लोरोक्वीन जगभर वापरले गेले. तरी हा योग जगात हाताच्या बोटांवर मोजता येईल इतक्याच वेळा जुळून आला. पहिल्यांदा तो दिसला १९५०च्या दशकाच्या शेवटी, थायलंड-कंबोडियाच्या सीमेवर आणि कोलंबियात.

पण एकदा जुळला तो पुरला. आग्नेय आशियातला वंश माणसांच्या रक्तातून प्रवास करत १९७८च्या सुमारास पूर्व आफ्रिकेत पोचला आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत खंडभर पसरला. भारतात क्लोरोक्वीनला न जुमानणारा फाल्सिपेरम पहिल्यांदा नोंदला गेला १९७३ साली, आसामातल्या कार्बी आंगलाँगमध्ये. देशाच्या उरलेल्या भागात जो वंश बहुतेक ठिकाणी आढळतो, त्याच्या या जनुकातली खूण आसामातल्या खुणेहून वेगळी आहे, आणि तीच खूण पापुआ न्यू गिनीत आणि दक्षिण अमेरिकेत सापडते. सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामाइन या औषधाचीही कथा अशीच. त्याला पुरून उरणारा तीन बदलांचा वंश आफ्रिकेने स्वतः घडवला नाही. तो आशियातून तिथे गेला, असे २००४ साली जनुकांच्या तुलनेतून दिसले. असा वंश घडायला परार्धांची पैदास लागते, पसरायला एक प्रवासी पुरतो.

उलट दिशेचाही दाखला आहे. मलावीने १९९३ साली क्लोरोक्वीन देणे थांबवले. दहा-बारा वर्षांत तिथले प्रतिकार करणारे परजीवी जवळजवळ नाहीसे झाले आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तेच औषध पुन्हा गुण देताना दिसले. औषधाचा धाक नसला की प्रतिकाराचे ओझे वाहणारा परजीवी मागे पडतो. भारतात व्हायवॅक्स या हिवतापाच्या दुसऱ्या जातीसाठी क्लोरोक्वीन चालूच असल्यामुळे तो धाक कधी पुरता उठला नाही. २०१०पासून फाल्सिपेरमला आर्टेमिसिनिनचे जोडऔषध द्यायचे ठरले. त्या आर्टेमिसिनिनलाही पश्चिम कंबोडियात परजीवी सावकाश दाद देऊ लागले, आणि २०१४ साली त्यामागचे ‘केल्च १३’ हे जनुक सापडले. अलीकडे रवांडा आणि युगांडात याच जनुकातले बदल तिथल्या तिथे, स्वतंत्रपणे उद्भवलेले आढळले.

काळात आणखी मागे गेले तर आकडे उलट्या बाजूने चकित करतात. आज परार्धांनी मोजावा लागणारा हा जीव एके काळी मूठभर होता. फाल्सिपेरमचा पूर्वज गोरिलांच्या रक्तात होता, हे २०१० साली जंगलातल्या विष्ठेच्या नमुन्यांतून सिद्ध झाले. साधारण पन्नास हजार वर्षांपूर्वी हा वंश वेगळा होऊ लागला आणि चार ते सहा हजार वर्षांपूर्वी एका फार अरुंद वाटेतून गेला, असे जनुकसंचांची तुलना सांगते. माणूस शेती करून एका जागी राहू लागल्यावर त्याचा विस्तार झाला. २०२४ साली संशोधकांनी १६ देशांतल्या ३६ माणसांच्या जुन्या हाडा-दातांतून हिवतापाचा डीएनए वाचला, सुमारे ५,५०० वर्षांच्या पट्ट्यातला. त्यात एक माणूस होता नेपाळातल्या चोखोपानीचा, इसवीसनापूर्वी ८००च्या सुमाराचा. गाव २,८०० मीटर उंचावर, जिथे फाल्सिपेरम पसरवणारा डास तगत नाही. रक्तात मात्र फाल्सिपेरम. तो सखल प्रदेशात जाऊन आला असणार, बहुधा व्यापाराला. सिंधुदुर्गातल्या चिपीच्या विमानतळावर उतरणाऱ्या माणसाहून त्याची गोष्ट वेगळी नाही.

आणि काचपट्ट्यांचे मोल कळायला स्पेनमधले उदाहरण पुरे. एब्रो नदीच्या मुखाशी भातशेतीचा प्रदेश आहे. तिथल्या एका डॉक्टरांनी १९४२ ते १९४४मध्ये रुग्णांच्या रक्ताच्या पट्ट्या काढल्या होत्या. युरोपातून हिवताप गेला, पट्ट्या कुटुंबाने जपल्या. २०१६ साली त्यांवरच्या वाळलेल्या रक्तातून परजीवीचा डीएनए वाचता आला. युरोपातून नामशेष झालेल्या त्या फाल्सिपेरमचे जवळचे नातलग निघाले भारतातले. सत्तर वर्षांपूर्वीच्या एका थेंबाने दोन खंडांची सोयरीक दाखवली. आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांत आजवर काढलेल्या पट्ट्यांतल्या थोड्या जरी नीट जपल्या गेल्या, तर पुढच्या पिढीला त्यातून काय वाचता येईल याची आज कल्पनाही करता येणार नाही. त्या जपायला हव्यात.

व्हायवॅक्सबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण कोकण-गोव्यात सहसा भेटतो तो हाच. याचा जनुकसंच २००८ साली वाचला गेला. २०१२ साली चार देशांतले नमुने ताडून पाहिले, त्यात एक भारतातला होता. फाल्सिपेरमच्या तुलनेत याच्यात दुप्पट वैविध्य निघाले. हा यकृतात निपचित पडून राहू शकतो, कधी काही आठवडे, कधी आठ-दहा महिने. मग डास न चावताही ताप उलटतो, आणि उलटून आलेला परजीवी पुष्कळदा पहिल्यापेक्षा वेगळ्या वंशाचा असतो, आधीच्या कुठल्यातरी चाव्यातून आलेला. एका माणसाच्या यकृतात असा गेल्या कित्येक महिन्यांचा साठा असू शकतो, आणि तो कुठल्याच रक्ततपासणीत दिसत नाही.

स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी रुग्ण आणि आठ लाख मृत्यू होत. १९५३ साली हिवतापाविरुद्ध मोहीम सुरू झाली आणि १९६५ला रुग्ण एका लाखावर आले. काम झाले असे वाटून पकड सैल पडली आणि १९७६ला आकडा पुन्हा चौसष्ट लाखांवर गेला. २०२३मध्ये भारतात नोंदले गेलेले रुग्ण सव्वादोन लाखांच्या आसपास आहेत, आणि २०३०पर्यंत हिवताप संपवायचे देशाने ठरवले आहे. रुग्ण कमी झाले की वंशही कमी होतात, डासाच्या पोटात दोन वंशांची गाठ पडणे दुर्मीळ होते, परजीवी आपल्याच आपल्यात विणत राहतो. सिंधुदुर्गासारखा कमी रुग्णांचा जिल्हा या लढाईत पुढे आहे तो यामुळे. पण इथे एक रुग्ण चुकला तर चुकतात ते कोट्यवधी परजीवी.

म्हणून येत्या चतुर्थीला घरात कुणाला थंडी वाजून ताप आला, मग तो मुंबईहून आलेला असो, बोटीवरचा खलाशी असो की खाणीवरच्या कामगाराचे पोर, दुकानातली गोळी देऊन वाट पाहू नका. त्याच दिवशी रक्त तपासून घ्या आणि गेल्या महिन्या-दोन महिन्यांत तो कुठे कुठे राहिला हे आरोग्यसेवकाला सांगा. व्हायवॅक्स निघाला तर तीन दिवसांच्या क्लोरोक्वीनने ताप उतरेल, पण यकृतातला साठा मारायला प्रायमाक्वीन पुरते १४ दिवस घ्यावे लागते. गरोदर स्त्रिया आणि एक वर्षाखालच्या मुलांना ते देत नाहीत, बाकीच्यांनी डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे घ्यायचे. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहेत. चौथ्या दिवशी बरे वाटले तरी गोळ्या सोडू नका, अजून दहा दिवस बाकी असतात.